जीनेटचे कागद

जून १८८४मध्ये ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, युलियानेहोब या डॅनिश वसाहतीजवळ, वाहत आलेल्या बर्फाच्या एका लादीवर तिथल्या रहिवाशांना काही सामान सापडले. वसाहतीचा कारभारी कार्ल लित्सेन याने त्याबद्दल पुढे डेन्मार्कच्या भूगोलविषयक नियतकालिकात लिहिले. त्याच्या यादीतल्या चार नोंदी आपल्या कामाच्या आहेत: डी लाँगची सही असलेली शिधासामग्रीची यादी, ‘जीनेट’ जहाजावरच्या होड्यांची हाताने लिहिलेली यादी, ‘लुई नोरोस’ असे नाव घातलेली मेणकापडाची विजार, आणि एका टोपीचा पुढचा भाग, ज्यावर ‘एफ. सी. लिंडेमान’ असे लिहिले होते.

जीनेट हे अमेरिकन जहाज त्याआधी तीन वर्षे, १३ जून १८८१च्या पहाटे, सैबेरियाच्या उत्तरेला बर्फाखाली गेले होते. सामान सापडले ते उत्तर ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूला. खुष्कीने किंवा जहाजाने ते तिकडे नेण्याचे कुणाला काही कारण नव्हते. मग एकच वाट उरते: ज्या लादीवर ते पडले होते ती लादीच ध्रुवाच्या आसपासून वाहत आली असली पाहिजे.

या चार वस्तूंवर पुढे बारा वर्षे वाद झाला. पण त्या वादात शिरण्याआधी जीनेटचे बाकीचे कागद पाहून घेऊ, कारण सगळे काही हरलेल्या मोहिमेचे एवढे कागद शिल्लक राहणे ही गोष्टच विरळा.

मोहिमेचा पैसा होता जेम्स गॉर्डन बेनेट याचा. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’चा हा मालक. लिव्हिंग्स्टनला शोधायला स्टॅन्लीला आफ्रिकेत पाठवणारा तोच. बातमी घडत नसेल तर ती घडवावी, हे त्याचे धोरण. ब्रिटिश नौदलाची जुनी तोफनौका ‘पँडोरा’ त्याने विकत घेतली, तिला आपल्या बहिणीचे नाव दिले आणि अमेरिकन नौदलाच्या अधिकाराखाली तिची रवानगी केली. कप्तान जॉर्ज वॉशिंग्टन डी लाँग. ८ जुलै १८७९ रोजी जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. पुढे बर्फात अडकले तेव्हा त्यावर ३३ माणसे होती.

मोहिमेमागचा विचार गोथा येथील नामांकित नकाशाकार आउगुस्ट पीटरमान याचा. बर्फाचे एक कडे ओलांडले की ध्रुवाभोवती मोकळा समुद्र लागतो; जपानकडून येणारा कुरोशियो हा उष्ण प्रवाह बेरिंगच्या सामुद्रधुनीतून वर शिरतो; तेव्हा त्या वाटेने गेल्यास ध्रुव गाठता येईल, असे त्याचे म्हणणे. शिवाय रँगल हे बेट नसून ध्रुवापर्यंत पसरलेल्या भूखंडाचे टोक असावे, असाही कयास होता. पीटरमानने १८७८मध्ये आत्महत्या केली, त्यामुळे आपल्या सिद्धान्ताचे काय झाले हे त्याला कळले नाही. विल्यम हीली डॉल हा अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याचा शास्त्रज्ञ. त्याने १८८०मध्ये बेरिंग समुद्राच्या पाण्याची तापमाने आणि प्रवाह तपासून स्पष्ट केले की कुरोशियोची दखल घेण्याजोगी एकही शाखा त्या सामुद्रधुनीतून वर जात नाही. तोवर जीनेट बर्फात रुतून बसली होती. या डॉलचे नाव लक्षात ठेवावे. तो पुन्हा येणार आहे.

६ सप्टेंबर १८७९ रोजी हेरल्ड बेटाजवळ बर्फाने जहाजाला धरले ते कायमचे. त्यानंतरचे २१ महिने जीनेट स्वतः कुठेही गेली नाही. बर्फ नेईल तिकडे गेली. कधी पुढे, कधी मागे, कधी गोल फिरून आधीच्याच ठिकाणी, आणि एकंदर हिशेबात वायव्येकडे. रँगलच्या उत्तरेकडून ती वाहत गेली तेव्हाच ते बेट असल्याचे उघड झाले. म्हणजे पीटरमानचा भूखंड कुणी पाय न हलवता निकालात निघाला. १९ जानेवारी १८८० रोजी तळाला गळती लागली आणि जहाज बुडेपर्यंत पंप चालू ठेवावा लागला. अशा जहाजावर करण्यासारखे काय असते? पंप मारणे, अस्वले आणि सील टिपणे, आणि नोंदी ठेवणे.

या नोंदींचे स्वरूप नीट पाहण्यासारखे आहे. अमेरिकन नौदलाचे लॉगबुक हा छापील तक्त्याचा कागद असे. दिवसाला दोन पाने. डाव्या पानावर दिवसाच्या प्रत्येक तासाला एक ओळ आणि पुढे रकाने: वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, बॅरोमीटरचा आकडा इंचांत, बॅरोमीटरला जोडलेल्या थर्मामीटरचा आकडा, हवेचे तापमान, ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचे तापमान, समुद्राच्या पाण्याचे तापमान, ढग, आणि हवामानाची एकाक्षरी खूण: निरभ्र, ढगाळ, धुके, हिमवर्षाव. उजव्या पानावर पहाऱ्यागणिक शेरे आणि त्याखाली पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याची सही. बॅरोमीटरला वेगळा थर्मामीटर कशासाठी? पारा उष्णतेने फुगतो, म्हणून वायुभाराचा आकडा घेताना खुद्द त्या उपकरणातला पारा किती गरम आहे हे ठाऊक नसेल तर आकडा चुकतो. आणि उणे ३९ अंश सेल्सियसच्या खाली पारा गोठतो. तिथून पुढचे तापमान मद्यार्काच्या थर्मामीटरनेच वाचावे लागते. दोन्ही गोष्टी लॉग वाचणाऱ्याला आधीच माहीत हव्यात, नाहीतर तो आकड्यांवर नको तेवढा विश्वास ठेवील किंवा नको तेवढा संशय घेईल.

हवामानाचे काम जेरोम कॉलिन्सकडे होते. हा आयर्लंडच्या कॉर्कचा; हेरल्डच्या हवामान विभागातून आलेला, म्हणजे वर्तमानपत्राचा माणूस. नौदलाच्या शिस्तीत तो बसेना. डी लाँगचे आणि त्याचे बिनसत गेले आणि डिसेंबर १८८०मध्ये कप्तानाने त्याला कामावरून दूर करून अटकेत ठेवले. अटक म्हणजे काय, तर त्याच जहाजावर, त्याच टेबलाशी जेवायचे, पण उपकरणांना हात लावायचा नाही. निरीक्षणे इतरांनी चालू ठेवली. कागद वापरणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की त्या तारखेनंतर वाचणारे डोळे बदलले.

आता लॉगशेजारी डी लाँगची रोजनिशी ठेवून पाहू. हे दोन्ही कागद एकाच माणसाच्या अधिकाराखाली तयार झाले, पण त्यांचे वजन सारखे नाही. रोजनिशी १८८३मध्ये त्याची पत्नी एमा हिने संपादित करून छापली. नवऱ्याच्या नावाला जपणारे ते संपादन आहे आणि त्यात काही मजकूर गाळलेला आहे. कॉलिन्सच्या भावाने पुढे तक्रारी केल्या, १८८४मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी केली, तेव्हा वगळलेल्या भागांचाही प्रश्न निघाला. नौकानयन अधिकारी डॅनेनहॉवर याच्या डोळ्यांचा आजार मुळात उपदंशाचा होता, हे रोजनिशीच्या छापील पानांवरून कळत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्राला मान द्यायला शिकवले, आणि इथे रोजनिशी अस्सल असूनही छापील प्रत अर्धी बखरीच्या अंगाने गेली आहे. लॉगमध्ये मन नाही, तक्रार नाही, बचाव नाही. बहुतेक वाचक ते चाळूनच बाजूला ठेवतील. नौदलाला मात्र ते हवे होते आणि डी लाँगला हे ठाऊक होते.

म्हणून १२ जूनच्या दुपारनंतर बर्फाने जहाजाच्या फासळ्या मोडायला घेतल्या तेव्हा होड्या, शिधा, स्लेज आणि कुत्रे यांच्याबरोबर लॉगबुकेही बर्फावर उतरवली गेली. पहाटे चारच्या सुमारास जीनेट बुडाली. जाताना तिच्या डोलकाठ्यांचे आडवे वासे बर्फाच्या कडांना अडकून वरच्या बाजूला मोडले. जागा होती सुमारे ७७ अंश १५ मिनिटे उत्तर, १५५ अंश पूर्व.

तिथून दक्षिणेला, न्यू सायबेरियन बेटांकडे, माणसे स्लेज आणि होड्या ओढत निघाली. आठवडाभराच्या चालीनंतर डी लाँगने सूर्य घेऊन अक्षांश काढला, तर ते निघाल्या जागेपेक्षा उत्तरेला निघाले. पायाखालचा बर्फ त्यांच्या चालीपेक्षा अधिक वेगाने उलट दिशेला चालला होता. ही गोष्ट त्याने दोघातिघांखेरीज कुणाला सांगितली नाही. मला हा आकडा साऱ्या मोहिमेतला सर्वांत मोलाचा वाटतो. ध्रुवीय समुद्राच्या पृष्ठावर काय चालले आहे ते त्याने दाखवून दिले. पण तो घेणाऱ्याच्या दृष्टीने ते निव्वळ संकट होते.

१२ सप्टेंबर १८८१ रोजी लीना नदीच्या मुखाजवळ वादळाने तीन होड्यांची ताटातूट केली. डी लाँगचा दुय्यम अधिकारी चिप याची होडी आठ माणसांसह नाहीशी झाली. मुख्य अभियंता मेल्व्हिलची होडी अकरा जणांना घेऊन त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेकडे लागली आणि स्थानिक लोकांच्या मदतीने ते वाचले. डी लाँगचे चौदा जण १७ सप्टेंबरला उत्तरेच्या ओसाड किनाऱ्यावर उतरले. होडी उथळ पाण्यात रुतली, शेवटचे अंतर पाण्यातून चालत कापावे लागले. तिथेच त्यांनी लॉगबुके आणि जड उपकरणे किनाऱ्यावर पुरून खुणेला काठी उभारली. पायांना हिमदंश झालेल्या उपाशी माणसांनी वजन कमी करायचे ठरवले तेव्हा कागद फेकले नाहीत, खूण करून ठेवले. आणि उरलेल्या कागदांच्या पेट्या पुढेही वाहिल्या.

९ ऑक्टोबरला डी लाँगने निंडेमान आणि नोरोस या दोघांना मदत आणायला पुढे धाडले. ते वाचले. मागे राहिलेल्यांपैकी कुणी वाचले नाही. ३३पैकी २० जण या मोहिमेत मेले.

रोजनिशीतली शेवटची नोंद ३० ऑक्टोबरची. शेवटच्या आठवड्यांत नोंदी आखडत जातात. अखेरच्या दिवसांत तारीख, जहाज बुडाल्यापासूनचा दिवस आणि कोण गेले एवढेच. शेवटच्या नोंदीत दिवस १४०वा दिला आहे. हे पडताळून पाहता येते. १३ जून हा पहिला दिवस धरला तर जूनचे १८, जुलै आणि ऑगस्टचे ३१ अधिक ३१, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३०: बरोबर १४०. उपाशी, बर्फात, पेन्सिल धरवत नसताना या माणसाने एक दिवसही गाळला किंवा दुबार धरला नाही. लॉगमधल्या इतर आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मेल्व्हिल नोव्हेंबर १८८१मध्येच शोधाला निघाला. निंडेमानने सांगितलेल्या माहितीवरून त्याने किनाऱ्यावरची काठी गाठली आणि लॉगबुके उकरून काढली. माणसे मात्र २३ मार्च १८८२ला सापडली. डी लाँगचा हात बर्फाबाहेर होता; वही त्याच्या मागे थोड्या अंतरावर पडलेली. लिहून झाल्यावर ती विस्तवात पडू नये म्हणून त्याने खांद्यावरून मागे टाकली असावी, असे मेल्व्हिलने म्हटले आणि पुढच्या साऱ्या पुस्तकांनी ते उचलले. वहीची जागा हा पुरावा आहे; टाकण्याचे कारण हा मेल्व्हिलचा तर्क. तर्क चांगला आहे, पण तो तर्कच.

आता ग्रीनलंडची लादी. नॉर्वेचा हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन याने १८८४च्या शरद ऋतूत ‘मॉर्गनब्लाडेट’ या दैनिकात लेख लिहिला: हे सामान खरोखर जीनेटचे असेल तर सैबेरियापासून ध्रुवाच्या आसपासून ग्रीनलंडच्या पूर्वेकडे सतत वाहणारा बर्फाचा ओघ असला पाहिजे. लेख सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्यांपुढे आला. वाचणाऱ्यांत फ्रित्योफ नान्सेन नावाचा २३ वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ होता. फेब्रुवारी १८९०मध्ये ख्रिस्तियानियाच्या (आजच्या ओस्लोच्या) भूगोल मंडळापुढे त्याने योजना मांडली: बर्फाशी झगडायचे नाही, जहाज मुद्दाम बर्फात अडकू द्यायचे आणि ओघ नेईल तसे जायचे. गोल पोटाचे, दाबले तर वर उचलले जाईल असे जहाज हवे. नोव्हेंबर १८९२मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीत त्याने तेच सांगितले, तेव्हा ध्रुवीय प्रवासात केस पांढरे झालेल्या बऱ्याच मंडळींनी माना हलवल्या, पण आडव्या.

सर्वांत टोकदार आक्षेप डॉलचाच. ते अवशेष खरे नसावेत, कुणाची तरी थट्टा असावी, असे त्याचे मत होते, आणि १८९६मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्येही त्याने ते मांडले. आज डॉलचे नाव घेतले की वाचक हसतो, कारण नान्सेन जिंकला. पण कागद पुढ्यात ठेवून पाहिले तर डॉलची बाजू पोकळ नाही. विजारीवर नोरोस, टोपीवर लिंडेमान. जीनेटवर लिंडेमान नावाचा कुणी नव्हता. होता तो निंडेमान, आणि पहिले अक्षर चुकीचे वाचले गेले असे नान्सेनने धरले. म्हणजे लादीवर नेमकी त्या दोघांची नावे सापडली, जे डी लाँगच्या तुकडीतून वाचले होते. १८८२नंतर ही दोन नावे वर्तमानपत्रांतून सर्वदूर गेली होती. थट्टा करणारा नेमकी हीच नावे निवडील. उलट असेही म्हणता येते की थट्टा करणारा प्रसिद्ध नाव चुकीचे लिहिणार नाही, आणि होड्यांची यादी व शिध्याचा कागद तयार करण्याची यातायात तर मुळीच करणार नाही.

दुसरा मुद्दा वेगाचा. नान्सेनचे ‘फ्राम’ २२ सप्टेंबर १८९३ रोजी ७८ अंश ५० मिनिटे उत्तर, सुमारे १३४ अंश पूर्व या ठिकाणी बर्फात शिरले आणि १३ ऑगस्ट १८९६ रोजी स्वालबार्डच्या उत्तरेला बाहेर पडले. जवळजवळ ३५ महिने. जीनेट बुडाली त्या जागेपेक्षा फ्राम पुष्कळ पश्चिमेला, म्हणजे मुक्कामाच्या अधिक जवळून निघाले होते; आणि बाहेर पडले तिथून ग्रीनलंडचा पूर्व किनारा उतरून, दक्षिण टोकाला वळसा घालून युलियानेहोबला पोचायचे अंतर अजून बाकीच होते. लादीने मात्र हे सारे अंतर ३६ महिन्यांत कापले, असे मानावे लागते. फ्रामने ओघ सिद्ध केला. अवशेष सिद्ध केले नाहीत. या दोन गोष्टी बहुतेक पुस्तकांत एकच होऊन बसल्या आहेत.

तरी ते अशक्य होते असेही नाही. ओघाचा वेग वाऱ्यावर ठरतो आणि वारे दर वर्षी वेगळे असतात. २००६च्या सप्टेंबरात ‘तारा’ ही फ्रेंच शिडाची नौका फ्रामच्या वाटेवर मुद्दाम बर्फात अडकवली गेली. जानेवारी २००८मध्ये ती ग्रीनलंडच्या बाजूला मोकळी झाली. साधारण ५०० दिवस. अपेक्षेच्या मानाने फारच लवकर. त्यातला काही भाग वाऱ्याचा, पण बर्फ पातळ आणि तुटका झाला की वारा त्याला अधिक सहज ढकलतो, हेही खरे. १८८१-८४चा बर्फ जाड होता. तेव्हा लादीचा वेग संशयास्पद आहे, पण गुन्हा शाबीत होण्याइतका नाही. मी अवशेष खरे मानण्याच्या बाजूला कलतो, ते होड्यांच्या यादीमुळे.

फ्रामने बाकी जे आणले ते थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वत्र वाचायला मिळते. ध्रुवीय समुद्र उथळ असेल या समजुतीने नान्सेनने खोली मोजायला लांब दोर नेलाच नव्हता. जीनेटच्या वाटेवर खोली कमीच लागली होती. प्रत्यक्षात तळ तीन हजार मीटरांपेक्षा खोल निघाला आणि जहाजाचा पोलादी दोर उसवून नवा दोर वळावा लागला. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता उजवीकडे कलून जातो हे त्याने टिपले. त्यावरून एकमान या स्वीडिश तरुणाने १९०५मध्ये मांडलेले गणित आज समुद्रविज्ञानाच्या पहिल्या धड्यात असते. आणि वरच्या थंड, कमी खारट थराखाली शून्य अंशापेक्षा उबदार असे अटलांटिकचे पाणी पसरलेले आहे, हे त्याच्या तापमानांवरून दिसले. उष्ण पाणी ध्रुवीय समुद्रात शिरते हे पीटरमानचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. फक्त दार चुकले होते आणि ते पाणी वर न राहता खाली बुडी मारत होते. स्वालबार्डच्या पश्चिमेकडून वर जाणारा हाच प्रवाह. नू-आलेसुंदला २००८पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र आहे. तिथल्या कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ साली पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही वेधशाळा सोडली गेली, तीही याच अटलांटिक पाण्याची ये-जा मोजण्यासाठी. तिचा कारभार गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे.

लॉगबुके अखेर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन पडली. रोजनिशीच्या आवृत्त्या निघाल्या, कादंबऱ्या झाल्या. लॉगला कुणी विचारले नाही. त्याची पाळी आली ती हवामानशास्त्रज्ञांना जुने वायुभार हवे झाले तेव्हा. उपग्रहांवरून आर्क्टिकच्या बर्फाची सलग मोजणी १९७९पासूनची. त्याआधीचे हवामान कसे होते, हे जाणायचे तर पृष्ठावर घेतलेल्या जुन्या वायुभारांवरून संगणकात त्या त्या दिवशीचे वातावरण पुन्हा उभे करतात. विसाव्या शतकाची पुनर्रचना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन प्रकल्पाची पद्धत अशी की वातावरणातली दुसरी कोणतीही नोंद तो घेत नाही, फक्त पृष्ठावरचा वायुभार. लॉगच्या पानावरचा सर्वांत रटाळ रकाना तो हाच. त्या प्रकल्पाची २०१९ची आवृत्ती १८३६पर्यंत मागे जाते.

पण पाने हाताने लिहिलेली. यंत्राला वाचता येत नाहीत. २०१०मध्ये ब्रिटनमध्ये ‘ओल्ड वेदर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश युद्धनौकांच्या लॉगची छायाचित्रे सामान्य लोकांपुढे ठेवायची आणि त्यांनी घरी बसून आकडे उतरवायचे. निवृत्त शिक्षक, नाविकांची नातवंडे, झोप न येणारे लोक, असे हजारो हात लागले आणि सुमारे १६ लाख हवामान नोंदी तयार झाल्या. २०१२च्या शरद ऋतूत अमेरिकन जहाजांची पाने त्यात आली: जीनेट, तिला शोधायला गेलेले ‘कॉर्विन’, शिवाय ‘बेअर’ आणि इतर. त्याच सप्टेंबरात उपग्रहांनी आर्क्टिकच्या बर्फाचा तोवरचा नीचांक टिपला होता, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. १९८१ ते २०१०च्या सप्टेंबर नीचांकांची सरासरी ६२ लाखांच्या घरात होती.

कामाची रीत अशी, की एकच पान एकाहून अधिक जणांनी एकमेकांना न विचारता उतरवायचे आणि मग आकडे ताडायचे. एकाला २९.९७ दिसले, दुसऱ्याला २९.९१, तर आधीच्या आणि नंतरच्या तासांकडे पाहून ७ की १ ते ठरते. मोडी वाचणाऱ्या कुणालाही ही रीत ओळखीची वाटेल. लोक वायुभारापाशी थांबले नाहीत. बर्फाचे शेरे, अरोरा, पक्षी, आजारी खलाशी, सगळे वेगळे टिपू लागले, आणि हवामानशास्त्रज्ञांना न मागता बर्फाचा इतिहास मिळू लागला. हेरल्डने १८७९मध्ये वाचकांना आर्क्टिक विकले ते थरार म्हणून. १८८४मध्ये एका दैनिकाच्या लेखाने एका तरुणाला कामाला लावले. इथे तर वाचकच लेखनिक झाले. मला यात ध्रुवांवरच्या रंगीत माहितीपटांपेक्षा लोकशिक्षण अधिक दिसते. ज्याने पाचशे पाने स्वतः उतरवली आहेत त्याला आर्क्टिकचा आकडा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

एक इशारा आवश्यक आहे. एका जहाजाच्या २१ महिन्यांच्या पानांवरून आर्क्टिक बदलले असे सिद्ध होत नाही. जीनेट अडकली ती हेरल्ड बेटाजवळची जागा अलीकडच्या कित्येक सप्टेंबरांत मोकळे पाणी असते, ही तुलना टाळ्या घेईल, पण इतिहासकाराने तिच्यावर विसंबू नये. १८७९ हे वाईट वर्ष असू शकते. वजन येते ते अनेक जहाजांच्या, अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र झाल्यावर. वॉशिंग्टन विद्यापीठातले श्वायगर, वूड आणि झँग यांनी २०१९मध्ये १९०१ ते २०१० या काळातल्या बर्फाच्या घनफळाची पुनर्रचना प्रसिद्ध केली. यांतला केव्हिन वूड हा ओल्ड वेदरच्या आर्क्टिक कामाचा सूत्रधार. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही आर्क्टिक काही काळ उबदार झाला होता, म्हणून ‘आताचेही तसेच असेल’ असा युक्तिवाद वर्षानुवर्षे ऐकू येई. त्यांच्या हिशेबात तेव्हा बर्फ घटला हे खरे, पण १९७९नंतरची घट त्याच्या कितीतरी पट निघाली.

वायुभारांवरून केलेल्या त्या अमेरिकन पुनर्रचनेत एका दिवसाचे वातावरण एकदा नाही, ८० वेळा काढतात. जिथे नोंद असते तिथे ऐंशीही उत्तरे जवळजवळ येतात. जिथे नसते तिथे ती फाकतात, आणि ते फाकणे हीच अनिश्चिततेची मोजणी. पूर्व सैबेरियाच्या उत्तरेकडचा समुद्र एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात असाच कोरा आहे. सप्टेंबर १८७९ ते जून १८८१ तिथे एक बॅरोमीटर होते. त्यानंतर पुन्हा काही नाही, ते १८८२पर्यंत. त्या वर्षी पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षासाठी अनेक देशांनी आर्क्टिकभोवती केंद्रे उभारली, सगळीकडे एकाच पद्धतीने तासातासाला वेध घ्यायचे असे ठरवून. रशियाचे एक केंद्र लेफ्टनंट युर्गेन्सच्या हाताखाली लीनाच्या त्रिभुज प्रदेशात, सागास्तिर बेटावर उघडले. मेल्व्हिलने डी लाँग आणि त्याच्या नऊ सोबत्यांना त्याच मुखप्रदेशातल्या एका टेकडीवर पुरले होते, त्याला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. सागास्तिरच्या नोंदी १८८४पर्यंत चालल्या.